खडे मीठ, मापे जागेनुसार

माणूस मेला की ते आधी संस्थेला कळतं, मग घराला. तेच योग्य आहे. संस्थेकडे पत्त्यांची यादी असते, घराकडे नुसता दरवाजा असतो.

माझा नवरा तेयो गेला हे मला विमानतळावर कळलं. मी तिथे सामान चढवायच्या कामावर आहे. दुपारची सुट्टी होती, डब्यात भात आणि आदल्या दिवशीचा आदोबो होता, आणि फोनवर म्युझियमचं पत्रक येऊन पडलं. त्यात लिहिलं होतं: ‘परदेशस्थ क्विअर फिलिपिनो देहाचे अग्रगण्य भाष्यकार, व्हिडिओकलावंत एलेउतेरिओ मागबानुआ यांचे आज सकाळी आमच्या दालनात, प्रदर्शनाची मांडणी सुरू असताना, हृदयविकाराने निधन झाले, हे कळवताना आमचे अंतःकरण जड झाले आहे. प्रदर्शन ठरल्याप्रमाणे शुक्रवारी खुले होईल. वाइनची व्यवस्था आहे.’ त्याखाली, हे पत्रक आपणास उपयुक्त वाटले का, असं विचारलेलं होतं. हो किंवा नाही.

मी त्या यादीत होतो, कारण तेयोनंच माझं नाव घातलं होतं. ‘घरातलं एक तरी माणूस प्रेक्षक असावं गा,’ म्हणाला होता. (तो कापीसचा. त्यांच्याकडे लाडक्या माणसाला ‘गा’ म्हणतात. मी बातांगासचा, आमच्याकडे लाडक्या माणसावर ओरडतात.)

म्युझियमनं मला स्वतंत्रपणे कळवायचा प्रयत्न केला नाही, असं मुळीच नाही. अडीअडचणीला कुणाला फोन करायचा, या प्रश्नापुढे तेयोनं म्युझियमचाच नंबर दिला होता. सही करताना समोरच्या भिंतीवर तेवढाच दिसत होता, आणि माझा नंबर त्याला बारा वर्षांत पाठ झाला नव्हता. तेव्हा म्युझियमनं ताबडतोब म्युझियमला फोन लावला. सोमवार होता. सोमवारी म्युझियम बंद असतं. कुणी उचलला नाही, म्हणून त्यांनी निरोप ठेवला. निरोप फार हळुवार शब्दांत होता, असं मला नंतर सांगितलं गेलं. (मागून मी तो ऐकलाही. खरंच हळुवार होता.)

आता कलाकृतीविषयी.

आमच्याकडे मनानंगाल नावाची एक बाई असते. दिवसा चारचौघींसारखी. रात्री कमरेपासून सुटते, वरच्या अर्ध्या अंगाला वटवाघळाचे पंख फुटतात, आणि ती पोटुशा बायकांच्या छपरांवर जाऊन बसते. खालचं अर्धं अंग, म्हणजे पाय, केळीच्या झाडांत उभं राहतं आणि तिची वाट बघतं. उजाडायच्या आत तिला येऊन जुळावं लागतं. कुणी त्या पायांवर मीठ टाकलं तर जुळता येत नाही, आणि ऊन पडलं की ती संपते. एवढं सगळ्यांना माहीत असतं. मनानंगाल सगळ्या कापीसमध्येच राहतात हेही सगळ्यांना माहीत असतं, त्यामुळे कापीसचा माणूस जगात कुठेही गेला तरी आपलेच लोक त्याला पहिला प्रश्न विचारतात: रात्री कुठे असतोस? तेयोला हे शाळेपासून विचारत आले. शिवाय तो बायकी चालायचा, म्हणून आणखीही पुष्कळ काही विचारत.

त्याचा या बाईवर जीव होता. ‘सगळे तिच्या दातांचं बोलतात,’ तो म्हणायचा. ‘पाय बिचारे रात्रभर उभे. त्यांचं कोण बोलतं?’

म्हणून त्यानं ‘अर्धी’ नावाची व्हिडिओकृती केली. दोन पडदे. एका पडद्यावर वरचं अंग: तेयो, ओठांना लाली, फुलपाखरी बाह्यांचा चमचमता झगा, आम्ही राहतो त्या डेली सिटीच्या एकसारख्या घरांवरून धुक्यातून उडतोय, आणि खिडक्यांतून आपल्या लोकांची स्वयंपाकघरं बघतोय. दुसऱ्या पडद्यावर स्वयंपाकघरात उभे असलेले दोन पाय. स्वयंपाकघर आमचं. पाय माझे. वरच्या अंगाला मी गॅरेजच्या तुळईला सामान बांधायच्या पट्ट्यांनी टांगलं होतं, तेव्हा खालच्या अंगासाठी घरात दुसरं कुणी उरलं नव्हतं.

‘हलू नकोस गा.’

‘पोटरीला खाज येतेय.’

‘मनानंगालच्या पायाला खाज येत नाही.’

‘मग तिचेच पाय आण.’

मी डाव्या अंगठ्यानं उजवी पोटरी खाजवली आणि तेयोनं ते तसंच ठेवलं. त्या खाजेवर आजवर दोन निबंध आले आहेत. एकात ती वसाहतवादाची खाज आहे. दुसऱ्यात ती इच्छा आहे. (मला वाटतं ते मोजे होते.) शेवटी वरचा पडदा रिकामा होतो, खालच्या पडद्यावर दार उघडल्याचा आवाज येतो, आणि पाय दाराकडे वळतात. संपलं. ‘माझ्या गोष्टीत मीठ नाही,’ तेयो ज्याला त्याला सांगायचा. ‘माझ्या गोष्टीत ती घरी येते.’

कलाकृतीच्या फलकावर माझा उल्लेख आहे. ‘पाय: खासगी संग्रहातून.’

त्या सोमवारी सकाळी कामावर जाताना मी त्याला फोन केला होता. फिलिपिनो दुकानात चांगल्या कडक कैऱ्या आल्या होत्या, त्या खारात घालायच्या होत्या, आणि घरात बारीक मीठ तेवढं होतं.

‘येताना खडे मीठ आण,’ मी म्हणालो.

‘किती गा?’

‘पिशवीभर. आणि विसरू नकोस, मागच्या वेळेला साखर आणलीस.’

‘साखरेतल्या कैऱ्या खाल्ल्यास की चाटूनपुसून.’

त्यानं जातानाच मीठ घेतलं. विसरू नये म्हणून पिशवी हातातच ठेवली होती म्हणे. दुसरा पडदा सरळ करत असताना तो पडला, पिशवी फुटली, आणि माझ्या पायांच्या पडद्याभोवती खडे मीठ पसरलं. जवळजवळ पूर्ण गोल.

रुग्णवाहिकेचे लोक येऊन गेले. मग म्युझियमचे लोक आले आणि बराच वेळ त्या मिठाकडे बघत राहिले.

शुक्रवारी प्रदर्शन खुलं झालं तेव्हा मिठाभोवती गुडघ्याएवढी दोरी होती, कोपऱ्यात हवा कोरडी ठेवायचं यंत्र होतं (धुक्यानं मीठ पाझरतं), आणि नवा फलक होता: ‘मीठ. कलावंताची अखेरची कृती. खडे मीठ, मापे जागेनुसार. कृपया मिठाला स्पर्श करू नये.’ म्युझियमनं केलेल्या पाहणीनुसार प्रेक्षक उडणाऱ्या अंगाकडे जेवढा वेळ बघतात त्याच्या निम्मा वेळ पायांकडे बघतात, आणि मिठाकडे दोन्हींच्या चौपट. मिठाकडे बघताना शंभरातले एकसष्ट जण उसासा सोडतात. उरलेल्यांना सर्दी असावी.

या प्रदर्शनाची क्युरेटर इस्का कियाम्बाओ. मनानं फार चांगली मुलगी. इथेच जन्मली, इथेच वाढली, फिलिपिन्सवर तिनं जाडजूड प्रबंध लिहिला आहे आणि उन्हाचा त्रास होतो म्हणून तिकडे गेलेली नाही. तेयोवर तिचा जीव होता, आणि मला ती तितो म्हणते, म्हणजे काका.

‘इस्का,’ मी म्हणालो, ‘हे कैऱ्यांचं मीठ आहे.’

‘कसलं, तितो?’

‘कैऱ्यांचं. खारात घालायच्या होत्या. मीच आणायला सांगितलं होतं.’

तिनं माझे दोन्ही हात धरले. डोळे भरून आले. ‘कैऱ्या,’ ती म्हणाली. ‘अरे देवा. कैऱ्या.’

‘तेव्हा आता ते झाडून घ्या.’

‘तितो, पिकण्याआधीच तोडलेलं फळ. आपण सगळे तेच ना?’

मी म्हणालो, मी एकोणसाठ वर्षांचा आहे. पण तोवर तिनं फोनवर टिपून घेतलं होतं. दुसऱ्या दिवशी फलकावर एक ओळ वाढली: ‘कुटुंबातील मौखिक परंपरेनुसार या मिठाचा संबंध अपक्व फळाशी आहे.’

मी पुन्हा गेलो. या वेळेला गोष्टच सांगितली. म्हटलं, इस्का, मिठानं ती मरते. पायांभोवती मीठ असलं की वरच्या अंगाला परत येता येत नाही. तुझ्या प्रबंधात असेलच.

‘आहे ना. तिसरं प्रकरण. परतीची अशक्यता.’

‘त्याच्या गोष्टीत तो परत येतो. मीठ नाहीये त्याच्या गोष्टीत.’

‘शेवटी त्याचा विचार बदलला, तितो.’

‘शेवटी त्याचं हृदय बंद पडलं.’

ती रडायला लागली, मग मलाच तिला पाणी आणून द्यावं लागलं. हेही फलकावर जाईल अशी मला भीती होती, पण गेलं नाही. जागा संपली होती.

आमच्याकडे गेलेला माणूस चाळीस दिवस इथेच फिरत असतो. नऊ दिवस प्रार्थना होतात, चाळिसाव्या दिवशी जेवण होतं, मग तो निघून जातो. मधल्या काळात तो एकदा तरी घरी येऊन जातो. कुणाकडे पाकोळी येते, कुणाकडे नुसता फुलांचा वास येतो. मी असल्या गोष्टी मानतो असं नाही. विमानतळावर काम करणारा माणूस फार काही मानत नाही, सामान हरवताना त्यानं पाहिलेलं असतं. पण खिडकी उघडी ठेवायला काय जातं?

आणि दुसरी एक रीत आहे. मेलेल्याचं दर्शन घेऊन कुणी सरळ घरी जात नाही. वाटेत कुठेतरी थांबायचं, काहीतरी खायचं, म्हणजे तो मागोमाग घरापर्यंत येत नाही. तिथे झटकून टाकायचा. आमच्या भागात अंत्यविधीच्या जागेसमोर डोनटचं दुकान आहे आणि ते आमच्या मेलेल्यांवर चांगलं चालतं. तेयोच्या दर्शनाहून सगळे तिथेच गेले. प्रत्येकानं एकेक डोनट खाऊन त्याला झटकलं. काहींनी दोन खाल्ले, ते त्याला जास्त ओळखत असावेत.

मी माझ्या गाडीकडे निघालो, तर मागून मानांग पुरितानं हाक मारली. मानांग म्हणजे थोरली बहीण. ही तेयोची. चाळीस वर्षं नर्स होती आणि अजून कुणाशीही बोलताना नाडी धरल्यासारखं बोलते.

‘कुठे निघालास?’

‘घरी, मानांग.’

‘सरळ?’

‘सरळ.’

तिनं माझ्याकडे बघितलं. ‘येईल ना तो मागनं.’

‘हो,’ मी म्हणालो.

‘वेडा आहेस,’ ती म्हणाली आणि डोनट खायला गेली.

मानांगचं आणि माझं वैर नव्हतं. आमचं लग्न सिटी हॉलमध्ये झालं त्या दिवशी तिची कामाची पाळी बदलता येत नव्हती, आणि नंतरही कधी बदलता आली नाही. नऊ दिवसांच्या प्रार्थना तिच्या घरी झाल्या. तिनं आल्यागेल्याशी माझी ओळख करून दिली ती ‘हा ओदेल, तेयोकडे भाड्यानं राहायचा’ अशी. पाद्रीबाबांनी विचारलं, भाडं आता कोण घेणार? तेव्हा मी पान्सित वाढायला उठलो. म्युझियमच्या फलकावर मी खासगी संग्रह होतो, मानांगच्या बैठकीत भाडेकरू होतो. दोन्हीकडे जागा मिळाली हे विसरून चालणार नाही. पुष्कळांना एकीकडेही मिळत नाही.

प्रार्थना संपल्या. पाकोळी आली नाही. वास आला तो शेजारच्यांच्या तळणीचा. तिसऱ्या आठवड्यात मी मानांगकडे भांडी परत द्यायला गेलो आणि कॉफी पिता पिता मिठाचं सांगितलं. तिनं ती कलाकृती कधी बघितली नव्हती. अर्ध्या कपड्यांतला भाऊ बघायला ती पैसे देऊन जाणार नव्हती.

‘खडे मीठ?’

‘खडे मीठ.’

‘पायांच्या भोवती? सगळीकडून?’

‘दाराच्या बाजूला थोडी फट होती. ती त्यांनी बुजवून घेतली. गोल नीट दिसत नव्हता म्हणे.’

मानांगनं कप खाली ठेवला. ‘हे बघ ओदेल. कापीसमध्ये मनानंगाल नाहीत. कधीच नव्हत्या. ते सगळं शेजारच्या इलोइलोच्या लोकांनी उठवलेलं आहे.’

‘हो, मानांग.’

‘आणि तुमचं ते लग्न मी मानत नाही.’

‘हो, मानांग.’

‘मीठ कधी काढताहेत?’

मग मी रीतसर मार्गानं गेलो. या मार्गाविषयी मला चांगलंच बोलायचं आहे, कारण त्यात कुठेही उद्धटपणा नाही. कलाकृतीत बदल करायला कलावंताची संमती लागते. कलावंत हयात नसेल तर वारसाची लागते. वारस मी. मी संमती दिली. त्यांनी माझे आभार मानले आणि निवडलेल्या नात्यांच्या सामर्थ्यावर एक परिच्छेद लिहून पाठवला. (तो मी जपून ठेवला आहे. मानांगला दाखवला नाही.) मात्र समितीच्या असं लक्षात आलं की संमती देणाऱ्याचे पाय कलाकृतीत आहेत. कलाकृतीचा भाग असलेल्या कुणालाही कलाकृतीविषयी निर्णय घेता येत नाही. उद्या चौकटी मत द्यायला लागतील. मला हे पटलं. पायांना विचारून चालायचं ठरवलं तर कुणी घराबाहेर पडणार नाही.

समितीनं सहानुभूती म्हणून एवढं केलं की माझे पाय ज्या दिवशी कलाकृतीतून काढता येतील त्या दिवशी माझा अर्ज विचारात घेण्याचं ठरवलं. पाय काढायला अर्थातच वारसाची संमती लागेल.

चाळिसावा दिवस जवळ येत होता. इस्काला हे कळलं तेव्हा ती खरोखर अस्वस्थ झाली. दोन दिवसांत तिनं मार्ग काढला. मीठ हलवायला परवानगी मिळत नाही, पण मिठाचा प्रयोग करायला मिळते. म्हणजे चाळिसाव्या दिवशी संध्याकाळी, निमंत्रितांसमोर, जिवंत पायांनी स्वतः येऊन मीठ झाडायचं. कार्यक्रमाचं नाव ‘परत’. समितीनं एका बैठकीत मंजूर केलं. जे एकट्यानं करणं गैर आहे ते लोकांसमोर केलं की विधी होतं, हे मला आधी सुचायला हवं होतं.

‘आणि तितो, तुम्ही व्हिडिओतला तो घागरा घालाल का?’

‘नाही.’

‘मोजे?’

‘मी कामावरून येणार आहे.’

कार्यक्रमपत्रिकेत आलं: ‘श्रमाच्या गणवेशात.’

दालन भरलं होतं. पुढच्या रांगेत समिती, तिच्या मागे विद्यार्थी, त्यांच्या मागे आमच्यातले काही लोक, जे कुठेही गेले तरी मागेच बसतात. मानांग पुरिता माझ्याबरोबर आली. चर्चचा झगा, मोठी पर्स, आणि काखेत घरची केरसुणी, आमच्याकडची, गवताची. म्युझियमची दांड्याची फडकी तिला चालणार नव्हती. इस्कानं तिची ओळख ‘समुदायातील ज्येष्ठ ज्ञानधारक’ अशी करून दिली. मानांगनं इकडेतिकडे बघितलं की हे कुणाविषयी चाललंय.

मग दिवे मंद झाले आणि कलाकृती सुरू झाली. तिनं ती पहिल्यांदाच बघितली. तेयो धुक्यातून उडत होता. तिच्या चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं. एकदा ती माझ्या कानाशी आली आणि म्हणाली, ‘हा झगा आईच्या पडद्याचा आहे.’

‘हो, मानांग.’

‘मी शोधत होते तो पडदा.’

पाय दाराकडे वळले. दिवे लागले. इस्कानं खूण केली. मी पुढे होऊन केरसुणी मागितली, पण मानांगनं दिली नाही. ती दोरी ओलांडून आत गेली. वाकली. आणि आमच्याकडे जंगलात, वारुळाशी, जिथे न दिसणारं कुणी असेल तिथे पाऊल टाकताना जे म्हणतात तेच पुटपुटली: ‘सरका बरं, सरका. जाऊ द्या आम्हाला.’ पुढच्या रांगेतल्या दोघांनी डोळे मिटून घेतले.

तिनं झाडायला सुरुवात केली आणि टाळ्यांचा कडकडाट झाला.

‘टाळ्या कसल्या वाजवता?’ मानांग ताठ होऊन म्हणाली. ‘पाय उचला. तुमच्याखाली पण आहे.’

सगळ्यांनी पाय उचलले. समितीनंही उचलले. (दुसऱ्या दिवशीच्या परीक्षणात आलं की प्रेक्षकांच्या पायांना इतक्या थेटपणे सामील करून घेणारं काम या शहरात प्रथमच झालं.) तिनं खुर्च्यांखालून, पडद्यामागून, यंत्राच्या बुडातून खडा अन् खडा काढला. वॉर्डातल्या बाईनं फुटलेली काच उचलावी तसा. सुपलीत सगळं जमल्यावर हातमोजे घातलेले दोघे आले आणि सुपली अलगद घेऊन गेले. त्याआधी सुपलीवर वाकलेली असताना मानांगला खोकला आला, तिनं पर्समधून रुमाल काढला, आणि परत ठेवला.

बाहेर वाइन होती. लोक मानांगभोवती जमले.

‘मनानंगालच्या मुक्तीविषयी तुम्हाला काय वाटतं?’ एका मुलीनं विचारलं.

‘कापीसमध्ये मनानंगाल नाहीत,’ मानांग म्हणाली. ‘लिहून घे.’

तिनं लिहून घेतलं.

मी गाडी काढली. डोनटच्या दुकानाशी आलो आणि सवयीनं वेग कमी केला. मेलेल्याच्या जागेहून आलेलं माणूस बरोबर होतं, आणि मानांग रीत मोडणारी नव्हे.

‘थांबायचं नाही,’ ती म्हणाली.

‘मानांग?’

‘आज कुठे थांबायचं नाही. सरळ घरी चल. त्याला मागनं येऊ दे.’

आमच्या दारापुढे मी गाडी उभी केली. तिनं पर्समधून रुमाल काढला. त्याला गाठ होती. तो माझ्या मांडीवर ठेवला.

‘घे. तुझ्या नवऱ्यानं आणलेलं मीठ.’

मी रुमाल दोन्ही हातांत धरला.

‘रडू नकोस,’ ती म्हणाली. ‘मला अजून घरी सोडायचंय तुला.’

त्या संध्याकाळी मी मागचं दार उघडं ठेवलं. धुकं आत आलं. धुक्यातून आणखी कुणी आलं का ते मला सांगता येणार नाही, धुक्यात काही दिसत नाही.

सकाळी म्युझियमचं पत्रक आलं. प्रयोग यशस्वी झाल्याबद्दल अभिनंदन होतं. जतन विभागानं उजाडायच्या आत सगळं मीठ गाळून, छायाचित्राबरहुकूम, होतं तिथे परत मांडलं होतं. या तत्परतेचं कौतुक करावं तेवढं थोडं. वजनात मूठभर मीठ कमी भरलं. त्याची त्यांनी चौकशी केली नाही; तेवढी जागा मोकळी ठेवून तिच्याशी नवा फलक लावला: ‘अनुपस्थिती. मूठभर.’ प्रेक्षकांना ती सर्वांत आवडते असं पाहणीत दिसतं. मोकळी जागा दाराच्या बाजूला नाही. केरसुणीही त्यांनी संग्रहात घेतली आहे. मानांगनं ती परत मागितली, तेव्हा तिला कळवण्यात आलं की ज्ञानधारक आता कलाकृतीचा भाग असल्यामुळे तिला तसा निर्णय घेता येत नाही.

मी इस्काला विचारलं. ती म्हणाली, ‘तितो, प्रयोग दर वर्षी करू या ना.’

तुम्हीही जरूर जा. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रवेश फुकट असतो. दोरी गुडघ्याएवढी आहे, रखवालदार बहुतेक वेळा फोनमध्ये असतो, आणि एका बेसावध बुटानं काम होण्यासारखं आहे. आजवर पुष्कळ बूट येऊन गेले. सगळी भली माणसं. त्यांनी फलक शेवटपर्यंत वाचला, उसासा सोडला, आणि मिठाला वळसा घालून, एक खडा हलू न देता, जपून बाहेर पडले. तुम्हीही तसेच जाल याची मला खात्री आहे. इथवर आलात तेही किती जपून आलात. कुठे काही सांडलं नाही, आणि हृदयस्पर्शी हा शब्द तुमच्या ओठांवर आलाही असेल. बाहेर पडताना डाव्या हाताला तो लिहायची सोय आहे.

मीठ तिथेच आहे. रुमालाची गाठ मी सोडलेली नाही. कैऱ्या पिकून गेल्या, त्या खारात घालायच्या राहिल्या.